रुपयाएवढा नेम

"आजोबा, तुमच्या नानांच्या बंदुकीचा नेम कसा होता हो?"

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून माझ्या नातीने हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या तोंडात करंजी होती. करंजीचा एक मोठा फायदा असा, की ती तोंडात असेपर्यंत माणसाला विचार करायला सवड मिळते. पण करंजी संपली, पाठोपाठ चकलीही संपली, तरी मला उत्तर सुचेना. 'चांगला होता' एवढे म्हणून मोकळे होता आले असते. तिच्या आजीने विचारले असते तर मी तसे म्हटलेही असते. पण ही पोरगी पुण्यात शिकते आणि बालेवाडीच्या रेंजवर रायफल चालवते. तिच्या लेखी 'चांगला' हे काही मोजमाप नव्हे. किती अंतरावर? किती गोळ्यांत? आणि सरासरी काय? असे तीन प्रश्न तिच्या जिभेवर कायम तयार असतात. गंमत अशी, की पासष्टएक वर्षांपूर्वी जवळजवळ हेच तीन प्रश्न मला खुद्द नानांनी विचारले होते, आणि तेव्हाही माझी अशीच बोबडी वळली होती.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. परभणी जिल्ह्यात, सेलूजवळ, दुधनेच्या काठी आमचे गाव. नाना त्या गावचे पटवारी. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले, अक्षर मोत्यासारखे, आणि स्वभाव मोजणीच्या साखळीसारखा. म्हणजे ओढून ताणला तरी लांबत नसे, आणि सैल सोडला तरी आखडत नसे. कुणाचा बांध हातभर सरकला, तर ज्याचे शेत गेले त्याच्या आधी नानांची झोप उडे.

अशा या माणसाकडे एक रायफल होती, याचे आम्हा पोरांना भारी अप्रूप. मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला जाऊन, रीतसर परवाना करून, त्यांनी ती एका निवृत्त अंमलदाराकडून विकत आणली होती. बेल्जियममध्ये तयार झालेली, ब्राउनिंगच्या आराखड्याची, बावीस बोअरची अर्धस्वयंचलित रायफल. वजनाला जेमतेम अडीच शेर. तिची नळी एक आटा फिरवून वेगळी काढता येई, आणि दोन तुकडे धोतराच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत मावत. काडतुसे दस्त्याच्या पोटातल्या नळकांड्यात ओळीने भरायची. मग एक चाप ओढला की एक गोळी सुटे, रिकामे काडतूस आपोआप खाली पडे आणि दुसरे आपोआप नळीत जाऊन बसे. हे रिकामे काडतूस खालच्या बाजूने पडत असल्यामुळे कधीकधी ते नेमके नेम धरणाऱ्याच्या बाहीत शिरे. चांगले तापलेले असे ते! नाना एवढे गंभीर गृहस्थ, पण अशा वेळी बाही झटकत त्यांनी केलेला नाच मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गावात त्या रायफलीबद्दल नाना तऱ्हेच्या दंतकथा होत्या. नाना म्हणे उडत्या तित्तिराचा डोळा फोडतात. नाना म्हणे गढीवरून दुधनेपलीकडच्या बाभळीची शेंग पाडतात. नानांच्या कानावर हे सगळे येई. ते हसत आणि एवढेच म्हणत, "आमचा नेम रुपयाएवढा. त्याच्यापेक्षा बारीक नाही, आणि मोठाही होऊ देत नाही."

रुपयाएवढा म्हणजे काय, ते मला त्यांच्याबरोबर गढीमागे गेल्यावर समजले. व्यवहारातून बाद झालेला, चारमिनारचे चित्र असलेला एक हाली रुपया त्यांनी जपून ठेवला होता. चांगला सव्वा इंच रुंदीचा. थंडीच्या दिवसांत, वारा उठण्याआधी, नाना मला घेऊन गढीमागे जात. तेहतीस फुटी साखळीने साडेचार साखळ्या मोजत, म्हणजे झाले जवळजवळ पन्नास यार्ड. गढीच्या ढासळलेल्या पांढऱ्या मातीच्या बुरुजाला एक कागद टोचत. तो बुरूज दोन पुरुष जाड होता. काडतुसांच्या खोक्यावर छापलेले असे, की ही गोळी मैलभर अंतरावरही धोक्याची आहे. "एवढीशी दिसते," नाना म्हणत, "पण चुकली तर कुठं थांबंल याचा बंदोबस्त आधी, नेम मागून." मग वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून ते पालथे पडत आणि पाच गोळ्या झाडत. पाचही झाडून झाल्या की आम्ही चालत कागदापाशी जात असू. नाना खिशातून तो रुपया काढीत आणि भोकांवर ठेवीत. पाचही भोके झाकली गेली तर वहीत लिहीत, 'रुपया.' एखादे बाहेर डोकावले तर लिहीत, 'रुपया, एक बाहेर.' पुढे तारीख, काडतुसांची जात, वारा कसा होता, आणि बाहेरची गोळी किती बाहेर होती.

मला त्या वहीचा कंटाळा येई. मला हवा होता पराक्रम, आणि नाना ठेवीत होते जमाखर्च!

एके दिवशी त्यांनी मला झाडू दिले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिल्या कागदावर भोके अशी विखुरली, की त्यांवर रुपया काय, तांब्या ठेवला असता तरी झाकली गेली नसती. दुसरा कागद जरा बरा. तिसराही तसाच. आणि चौथ्या कागदावर काय चमत्कार झाला कोण जाणे, पाचही भोके एकमेकांना बिलगून बसली. अधेलीखाली झाकली गेली असती! मी तो कागद सदऱ्यात दडवला, दुसऱ्या दिवशी सेलूला शाळेत नेला आणि मधल्या सुट्टीत दहा पोरांना दाखवला. गोष्ट हळूहळू वाढत गेली. सुट्टी संपेपर्यंत साडेचार साखळ्यांच्या दहा झाल्या होत्या.

संध्याकाळी बातमी माझ्याआधी घरी पोचली. नाना ओसरीवर बसले होते. रागावले नाहीत. शांतपणे त्यांनी विचारले,

"अंतर किती होतं?"

"साडेचार साखळ्या," मी जमिनीकडे पाहत म्हणालो.

"गोळ्या किती?"

"पाच."

"आणि बाकीचे तीन कागद कुठं हायेत?"

ते मी चुलीत घातले होते. नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापू, ज्याचा चांगला कागद तेवढाच राहतो अन् वाईट जळतो, त्याला आपली बंदूक कधीच कळत नाही."

हे वाक्य मला त्या वेळी शिक्षेसारखे वाटले. ते किती उपयोगाचे आहे हे कळायला पुढची दिवाळी यावी लागली.

पण त्याआधी, वाचकहो, हा 'रुपयाएवढा' हिशेब कुठून आला ते सांगितले पाहिजे. कारण माझ्या नातीचा खरा प्रश्न तोच होता. तिची रायफलही बावीस बोअरचीच. तिच्यात जाणारी गोळी तीच, चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. हे काडतूस १८८७ पासून जगात चालत आले आहे. त्याच काडतुसावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. त्यांच्या लक्ष्यावर पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. म्हणजे नानांच्या रुपयाच्या रुंदीत अशी जवळजवळ तीन वर्तुळे शेजारी शेजारी बसतील. गोळी तीच, अंतर जवळपास तेच. मग एक रायफल शेंगदाण्याएवढे लक्ष्य पुन्हापुन्हा साधते, आणि दुसरी रुपयावर समाधान का मानते?

याचे उत्तर असे, की दोघींचा जन्मच वेगवेगळ्या कामासाठी झाला आहे. स्पर्धेच्या रायफलीत एकेक काडतूस हाताने ठेवायचे असते. तिच्या नळीचे बूड इतके नेटके कोरलेले असते, की गोळी आपल्या जागी अंगठी बोटात बसावी तशी बसते, आणि मागून बोल्ट घट्ट कुलूपबंद होतो. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्टला असे कुलूप नसते. तो नुसत्या स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने मिटलेला असतो. बार उडाला की त्याच धक्क्याने मागे सरतो, रिकामे काडतूस बाहेर टाकतो आणि येताना नवे ढकलून आणतो. हे सगळे धुळीत, मेणकटात, घाईत, न अडकता व्हायचे तर काडतुसाची खोली जरा ऐसपैस ठेवावीच लागते. ऐसपैस खोलीत गोळी किंचित तिरकी बसते, आणि नळीतल्या आट्यांत शिरताना तो केसभर तिरकेपणा बरोबर घेऊन जाते. शिवाय नानांच्या रायफलीची नळी काढघाल करायची. ती घट्ट बसली नसली की नेम लगेच पसरे. चापही जड, हौसेने खांद्यावर टाकून शेतात हिंडायच्या बंदुकीचा चाप जड असलेलाच बरा.

दुसरी गोष्ट काडतुसाची. या काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण मध्यभागी नसते. ते बुडाच्या पोकळ काठात गोल पसरलेले असते आणि सुई त्या काठावर आदळते. ते कुठे दाट, कुठे विरळ झाले की गोळीचा वेग कमीजास्त होतो. त्यातून कुठल्या बंदुकीला कुठले काडतूस मानवेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही! नानांच्या वहीत हे स्पष्ट दिसे. एका जातीच्या खोक्याने बहुतेक कागद रुपयाखाली येत. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खोक्याने निम्मे कागद बाहेर जात. रायफल तीच, पोते तेच, नाना तेच. स्पर्धेतले नेमबाज आजही आपल्या नळीला कोणती खेप मानवते ते आधी झाडून पाहतात आणि मग त्याच खेपेची काडतुसे घेऊन ठेवतात, असे नातीने मला सांगितले तेव्हा नानांची वही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आणि अंतर! पन्नास यार्डांवर बरोबर बसवलेली ही गोळी शंभर यार्डांवर सहा-सात इंच खाली उतरते. वाऱ्याची साधी झुळूक तिला बाजूला नेते. पन्नासवरचा रुपया शंभरावर दोन रुपयांएवढा नुसता हिशेबाने होतो. प्रत्यक्षात तो त्याहून मोठाच निघतो.

म्हणून फेरफार न केलेल्या, कारखान्यातून जशी आली तशी वापरलेल्या अशा रायफलीकडून काय अपेक्षा धरावी, याचे प्रामाणिक उत्तर नानांच्या वहीतच होते. पन्नास यार्डांवर, पोत्यावरून, मानवणाऱ्या काडतुसाने, इंच-सव्वा इंच. वाईट दिवशी दीड-पावणेदोन. आणि कधीतरी, देवाची कृपा म्हणून, अधेली. पण अधेली हा त्या रायफलीचा नेम नव्हे. तो तिचा सण!

एकदा परभणीच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणारा एक कारागीर नानांच्या मागेच लागला. "साहेब, चाप इतका जड कशाला? जरा कानस मारून देतो. लोण्यासारखा होईल. नेम निम्म्यावर येईल." मी मनातून हरखलो. नानांनी मात्र मान हलवली. घरी येताना म्हणाले, "ज्या दातावर चाप अडतो तो दात झिजवला, की एका ओढीत एकाच्या जागी दोन गोळ्या सुटायची भीती. अन् समजा नेम सुधारलाच, तरी माझ्या वहीतली सगळी पानं रद्द झाली. आज मला ही बंदूक किती चुकते ते ठाऊक आहे. तिच्यात हात घातला की तेही ठाऊक राहणार नाही." आज परवान्याशिवाय असा फेरफार करणे हा गुन्हाच आहे, पण नानांना कायद्याची आठवण करून द्यावी लागली नाही.

आता ती दिवाळी. साल १९५९. वसुबारसेची संध्याकाळ. गावातल्या बायका पारापाशी गाय-वासराची पूजा करायला जमल्या होत्या. हळदीकुंकू, पणत्या, गूळ-बाजरी, सगळे मांडलेले. एवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. दोन दिवस शिवारात फिरत असलेले पिसाळलेले कुत्रे गावात शिरले होते. त्या काळी या रोगाची धास्ती काय होती ते आजच्या पिढीला सांगून पटायचे नाही. चावले तर पोटात चौदा सुया, त्याही वेळेवर मिळाल्या तर; नाही मिळाल्या तर मरण, आणि तेही पाहवणार नाही असे. आज दंडात साधी लस मिळते, आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याला पकडून वेगळे ठेवण्याचा नियम आहे. तेव्हा आमच्या गावात दोन्ही नव्हते. होती ती नानांची बंदूक.

बायका पोरांना ओढत घरांत पळाल्या. पणत्या तशाच राहिल्या. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले, की कुणाची तरी चार-पाच वर्षांची पोर पारापलीकडे, वासराचे दावे धरून, जागच्या जागी थिजून उभी आहे. कुत्रे तिच्यापासून चार हातांवर. मान खाली, तोंडातून लाळ, पाय फेंगाडे. ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते कुणाकडेच पाहत नव्हते. पण ती हलली असती तर पाहिले असते.

नाना वाड्याच्या दारात आले. रायफलीचे दोन तुकडे त्यांनी जोडले, नळी फिरवून घट्ट बसली का ते दोनदा पाहिले, आणि दस्त्यात काडतुसे सोडली. वाड्याच्या दारापासून पार सहा साखळ्या; ते अंतर मला पाठ होते. सारे गाव माडीवरून, खिडक्यांतून, भिंतीवरून पाहत होते.

"मारा की नाना!" कुणीतरी ओरडले. "काय बघायलाव?"

नानांनी बंदूक खांद्याला लावली नाही. ते चालू लागले.

मी दाराच्या उंबऱ्याला चिकटून उभा होतो. सवयीने पावले मोजू लागलो. नाना फार हळू चालत होते; सरळही नाही, डावीकडे झुकत, पाराला वळसा घालीत. दहा, वीस, तीस. कुत्र्याने एकदा मान उचलली. नाना थांबले. मान खाली गेली. नाना पुन्हा चालू लागले. माझ्या शेजारी उभा असलेला गडी दातओठ खात पुटपुटला, "एवढी भारी बंदूक अन् जवळ जाऊन मारायची म्हणजे काय! इथनंच पडलं असतं." मला त्याची लाज वाटली नाही. मला नानांची वाटली. हे मी आज कबूल करतो.

पंचावन्न पावले झाली. आता नाना आणि कुत्रे यांच्यात पंचवीस पावलांहून अंतर नव्हते, आणि वळसा घातल्यामुळे कुत्र्यामागे ती पोर राहिली नव्हती. त्याच्यामागे आली होती गढीच्या पायथ्याची पांढऱ्या मातीची भिंत. नानांनी एक गुडघा टेकला, कोपर दुसऱ्या गुडघ्यावर ठेवले. बराच वेळ, निदान मला बराच वाटला एवढा वेळ, काही झाले नाही. मग तो आवाज आला. बावीसचा आवाज मोठा नसतो. वाळलेली काटकी मोडावी तसा. कुत्रे जागच्या जागी बसले आणि मग आडवे झाले. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही. नानांनी उरलेली काडतुसे काढून मोजली, खिशात टाकली, मग पोरीला उचलले. वासराचे दावे तिच्या मुठीतून सुटेना, तेव्हा वासरालाही बरोबर घेऊन आले.

त्या रात्री गावात दोन तट पडले. पोरीची आई नानांच्या पाया पडून गेली. पण पारावर बसणाऱ्या मंडळींचे मत असे पडले, की नाना कचरले. खरा शिकारी दारातूनच टिपता. बंदुकीत दहा गोळ्या अन् त्याही भराभर सुटणाऱ्या; एक चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी! मी घरी येऊन हे सारे नानांना सांगितले. मनातून मला वाटत होते, त्यांनी काहीतरी सडेतोड उत्तर द्यावे.

नानांनी कंदील जवळ ओढला आणि वही उघडली.

"हे बघ," ते म्हणाले, "साडेचार साखळ्यांवर आपली बंदूक रुपया मारते. पण कशावरून? पोत्यावरून. सहा साखळ्यांवर तोच रुपया दीडपट धर. आता पोतं काढून घे. उभ्याउभ्या, धावतपळत आलेला माणूस, छाती धडधडू लागलेली. पोत्यावरचा रुपया हातावर पुरीएवढा होतो. कुत्र्याचा मेंदू केवढा? लिंबाएवढा. पुरीत लिंबू ठेवून बघ. गोळी लिंबाला लागंल, नाहीतर जबड्याला लागंल, नाहीतर पाठीला. पाठीला लागलेलं कुत्रं मरत नाही. ते जवळ जे असंल त्याला चावतं. जवळ कोण होतं?"

मी काही बोललो नाही.

"दुसरी गोळी तयार आहे म्हणून पहिली उधळायची नसते. पंचवीस पावलांवर, गुडघ्यावरून, तीच पुरी पुन्हा रुपयाएवढी होते. लिंबू झाकतं. म्हणून चालत गेलो."

"पण नाना, तुमच्या वहीत अधेलीचेही कागद आहेत की," मी म्हणालो.

"आहेत. पण मी आज तो कागद बरोबर नेला नव्हता. मी सगळ्यात वाईट कागद बरोबर नेला होता." मग ते किंचित हसले. "आपल्या जिल्ह्याला लोकांनी एक म्हण चिकटवलीय ना, 'बनी तो बनी, नहीं तो परभनी'! स्वतःच्या नशिबाशी माणसानं ती खुशाल खेळावी. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर खेळू नये."

वही मिटताना त्यांनी त्या दिवसाची नोंद केली. मी वाकून वाचली. तारीख, वारा नाही, काडतूस एक, अंतर दोन साखळ्यांच्या आत. पराक्रमाचा शब्दही नाही. फक्त शेवटी, वहीत एरवी कधी न आढळणारे तीन शब्द होते: 'हात कापत होता.'

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. अर्धस्वयंचलित बंदुकांचा वर्ग वेगळा आणि कडक झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय हळूहळू संपला, आणि तो संपला हे फार चांगले झाले. नानांनी रायफल स्वतः नेऊन जमा केली. जमा करण्यापूर्वी तिला तेल दिले आणि घरी आल्यावर पावती वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवली. आता माझ्याकडे ती वही आहे आणि तो चारमिनारचा रुपया आहे.

करंजी-चकली संपल्यावर मी उठून तो रुपया आणला आणि नातीच्या हातावर ठेवला. म्हटले, "पन्नास यार्डांवर एवढा. आणि कधीकधी एक बाहेर." तिने तो बोटांनी चाचपला, रुंदीचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "अशा रायफलीला एवढं म्हणजे अगदी बरोबर आहे, आजोबा. कमी नाही की जास्त नाही." मला फार बरे वाटले. नानांच्या नेमाला पासष्ट वर्षांनी कुणीतरी न वाढवता आणि न घटवता पावती दिली होती. मग ती आपल्या खोलीत गेली आणि सरावाच्या कागदांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊन आली. वरचेच चार कागद वाईट होते. त्यांतला एकही तिने चुलीत घातलेला नव्हता. आता घरात चूल नाही ही गोष्ट वेगळी!

राहता राहिली ती वासरू धरून उभी असलेली पोर. ती आता माझ्याइतकीच म्हातारी आहे. नातवंडे आहेत, गंगाखेडला असते. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. मी तो प्रसंग काढला. तिला कुत्रे आठवत नव्हते. गोळीचा आवाजही आठवत नव्हता. पारावरच्या मंडळींनी काय ठरवले ते तर तिच्या गावीही नव्हते.

"मला इतकंच ध्यानात हाय," ती म्हणाली, "की नाना येऊ लागले होते. लई हळू. पण येऊ लागले होते."